दहा डाव, दोनदा नाबाद

"चूक त्यांची आहे," बद्रीनाथ सर म्हणाले आणि त्यांनी खडू उचलला.

औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या क्लासमध्ये त्या दुपारी एकटा मुंजाबाच बसला होता. पोलीस भरतीच्या पेपरची उत्तरसूची सकाळी लागली होती आणि पडेगावच्या या मेंढपाळाच्या पोराची निवड एका गुणाने हुकत होती. वयात बसणारी ही शेवटची भरती. गेली तर पुन्हा मेंढरांमागे जायचे, नाहीतर बिडकीनला एखाद्या कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहायचे.

गुण गेला होता क्रिकेटच्या गणितात. फलंदाजाच्या दहा डावांत चारशे धावा, त्यात दोनदा नाबाद; तर सरासरी किती? मुंजाबाने चाळीस लिहिले होते. सूची पन्नास म्हणत होती.

सरांनी फळ्यावर चारशेला दहाने भागले. आले चाळीस. त्यांनी आयुष्यात कधी बॅट धरली नव्हती आणि त्याचा त्यांना अभिमानच होता. खेळापायी पोरं वाया जातात, हे त्यांचे पेटंट वाक्य. मुंजाबा क्लासला आला तेव्हा पडेगावच्या टीमचा सलामीचा गडी होता. सरांनीच त्याचे मैदान सोडवले, आणि पोरगाही गुणाचा, सांगितले तसे वागला. 'नाबाद' वगैरे शब्द गोंधळ उडवायला घातलेले असतात, बेरीज करा, भागा आणि मोकळे व्हा, हे सर वर्षानुवर्षे सांगत आले होते. मुंजाबाने ते पेपरात तंतोतंत पाळले. अशा पोराच्या पोटावर ही दीडशहाणी मंडळी पाय देतात, याची त्यांना मनापासून चीड आली.

हरकत घ्यायची, ती आजच घ्यायची, असे म्हणत त्यांनी स्वतःचा मोबाइल पुढे सरकवला. त्याने फक्त नाव टाकायचे, पुढचे ते बघणार होते. उत्तर चाळीस ठरले की वर्दी अंगावर.

मुंजाबाने मोबाइलला हात लावला नाही.

"पन्नासच बरोबर हाय, सर. नाबाद डाव भागायला धरत नसत्यात. आठदाच बाद झालाय त्यो."

सर फळ्याकडे वळले. चारशे भागिले आठ त्यांनी मनातल्या मनात केले. मग त्यांनी जरा दरडावूनच विचारले, की हे शहाणपण पेपर लिहिताना कुठे गेले होते.

"तवाच सुचलं व्हतं, सर," मुंजाबा म्हणाला. "पर वाटलं, पेपर काढणारा बी तुमच्यासारखाच असंल."