मागच्यांचा हिटर

टेबलावर उपडा पडलेला हिटर. बुचं मारलेल्या दोन रबरी नळ्या. गाडीच्या काचेवर आतून धरलेली वाफ.

मेकॅनिकचा निर्णय पक्का होता. नुकत्याच विकत घेतलेल्या कॅम्पर गाडीच्या मागच्या बाकाखाली हिटरऐवजी पाण्याची टाकी बसणार. "राहू द्या, मागच्यांना थंडी वाजते," असं जुना मालक म्हणाला होता. मेकॅनिकच्या बायकोनेही तेच टुमणं लावलं होतं. पण फिरायला जाणार दोघंच, आणि दोघंही पुढे बसणार.

"मागच्यांनी स्वेटर घालावा!" तो हसून म्हणाला होता.

इंजिन सुरू करून तो बॉनेटपाशी उभा राहिला. बायको चहा घेऊन मागे चढली आणि डोळे मिटून बाकावर टेकली.

"शेवटी ऐकलंत ना माझं? पाय कसे छान शेकतायत!"

"अगं, हिटर इकडे टेबलावर आहे," तो बाहेरून ओरडला.

इंजिनाच्या आवाजात तिला ते ऐकूच गेलं नाही. डोळे न उघडताच ती थोडी बाजूला सरकली.

"पण अहो, इतकं खेटून नका ना बसू."

गाडी विकली त्या सकाळी जुना मालक मागच्या रिकाम्या बाकाकडे बघून 'येतो' नव्हे, 'जातो' म्हणाला होता.