मोरिवली नंबर दोन

"बाकी काहीही उडू दे, पण आमचं गाव उडता कामा नये," महेंद्रने पुन्हा एकदा बजावलं आणि तो कंपनीत निघून गेला.

संध्याने दार लावलं आणि सवतीकडे बघावं तसं कॉम्प्युटरकडे बघितलं.

ती उल्हासनगरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. तिथे विंडोज एक्सपी आलं होतं, घरच्या मशीनवर मात्र अजून विंडोज ९८च. क्लासचं काम घरी आणायचं तर मशीन फॉरमॅट करून, म्हणजे आतलं सगळं पुसून, एक्सपी टाकणं भाग होतं. अडचण होती ती त्या गावाची. शहर वसवायच्या एका जुन्या गेममध्ये महेंद्रने आणि त्याच्या आईने, जनाबाईने, वर्षानुवर्षं खपून ते उभं केलं होतं. नाव 'मोरिवली नंबर दोन'. खऱ्या मोरिवलीत, कंपन्यांच्या धुराखाली, त्यांच्या दोन खोल्या होत्या. खोट्या मोरिवलीत तलाव होता, बाग होती आणि दिवसरात्र पाणी होतं.

रोज जेवणं आटोपली की मायलेक त्या गावापुढे बसत. "आई, इथे शाळा टाकू?" "टाक की. पण आधी नळ." संध्या ओट्याशी भांडी विसळत हे ऐकायची. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण "ये, बस" असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. सासू जाच करत नव्हती, नवरा वावगा शब्द बोलत नव्हता, त्यामुळे तक्रारीला जागाच नव्हती. जळायला तेवढी होती, आणि ती मनसोक्त जळत होती.

तरी काम तिने चोख केलं. हात शिकवणाऱ्या बाईचे, त्यांना मुद्दाम चुकायला जमेना. असले जुने गेम सगळा डाव आपल्याच फोल्डरात साठवून ठेवतात, हे तिला ठाऊक होतं. तिने अख्खं फोल्डर सीडीवर उतरवलं, मशीन फॉरमॅट केलं, एक्सपी टाकलं. गेम पुन्हा बसवला, तर तो सुरूच होईना. मग तिने गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्याला मशीनवर अजून विंडोज ९८च असल्याचं भासवलं आणि साठवलेला डाव जागच्या जागी ठेवला. गाव उघडलं. बसगाड्या धावत होत्या, दिवे लागले होते, एक वीटही हललेली नव्हती.

तिने पहिल्यांदाच ते नीट बघितलं. रस्त्यांना नावं दिली होती. शिवराम मार्ग, म्हणजे वारलेल्या सासऱ्यांचा. जनाबाई चौक. बदलापूरच्या मावशीच्या नावाची बाग. गल्लीतल्या मेलेल्या कुत्र्याच्या नावानेसुद्धा एक बोळ होता. संध्याने माउस गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. तिच्या नावाचा साधा बसस्टॉपही नव्हता.

कुत्र्याने घात केला. तिने गेम उडवला, फोल्डर उडवलं, सीडी पर्समध्ये दडवली आणि स्वयंपाकाला लागली.

संध्याकाळी दोघं समोर येताच तिने सांगून टाकलं, "गेलं सगळं. एक्सपीवर तो गेम चालतच नाही."

महेंद्रने डोक्याला हात लावला. जनाबाई "अगं बाई" म्हणाली आणि पदराने चष्मा पुसू लागली. संध्याला हवं होतं ते मिळालं होतं. तिला बरं वाटलंही, जेवणं होईपर्यंत.

जेवून जनाबाई शेजारी गेली, तसा महेंद्र ओट्याशी आला. "आईला बोलू नकोस हां," तो हळूच म्हणाला, "पण सुटलो यार. बाबा गेले तेव्हा आई नुसती भिंतीकडे बघत बसायची. तिचं मन रमावं म्हणून आणला होता तो गेम. मला त्यात काय इंटरेस्ट? पण तिला एवढी गोडी लागली, मोडवेना मला."

थोड्या वेळाने तो गॅलरीत गेला आणि जनाबाई परत आली. तिनेही आधी बाहेर बघून घेतलं. "त्याला कळू देऊ नको, पण बरं झालं गं गेलं ते. ह्याचा बाप गेला, तर हा कुणाशी बोलंना. त्या खेळापुढं बसला की तेवढं तोंड उघडायचा, म्हणून मी बसायची. डोळे पार गेले बघ माझे. नळ सोडला तर मला त्यातलं काय कळत नव्हतं."

संध्याला हसू यायला हवं होतं. उलट दुपारी जळत होती त्याच्या दुप्पट ती आता जळली. गेमवर जळण्यात अर्थच नव्हता. एकमेकांसाठी इतकी वर्षं मुकाट्याने कंटाळलेली ही दोन माणसं होती. आपल्यासाठी असं कुणी कधी कंटाळलं होतं का, हे तिला आठवेना. आपणही कुणासाठी कंटाळलो नव्हतो, हे मात्र लगेच आठवलं.

ती बाहेरच्या खोलीत आली. दोघं सवयीने बंद कॉम्प्युटरपुढे येऊन बसली होती. बोलायला काही सापडत नव्हतं.

संध्याने पर्समधून सीडी काढली. "अहो, गाव आहे ह्यात. एक्सपीवर कसं चालवायचं, तेही कळलं."

दोघांचे चेहरे खर्रकन उतरले. मग दोघांनीही घाईघाईने ते एकमेकांसाठी हसरे केले.

संध्या दोघांच्या मध्ये स्टूल सरकवून बसली. असल्या खेळांनी तिचं डोकं उठायचं. क्लासमध्ये कुणी लपून खेळताना दिसलं, तर ती सरळ बटण बंद करायची.

"तुला आवडतं होय गं असलं काही?" जनाबाईने विचारलं.

"खूप," संध्या म्हणाली.