गाडीची फोड

गोपालने संत्रं सोललं, पहिली फोड वेगळी केली आणि न बघताच जीपच्या डॅशबोर्डवर ठेवली. "ही गाडीची," तो म्हणाला.

मागच्या सीटवर अंकुशचं चघळणं थांबलं.

वर्ध्याहून अमरावतीला सरळ जायचं सोडून सुरभीने आज जुन्या दोस्तांची दारं वाजवायची ठरवली होती. सकाळी पवनारला मेघाकडे चहा झाला, आणि आता वाट वाकडी करून कारंज्याला गोपालची बाग. अंकुशची तक्रार नव्हती. आपली गाडी फाटकाशी ठेवून बाग बघायला निघताना बायकोच्या मित्राच्या जीपमध्ये बायको पुढे आणि आपण मागे, हेही त्याने हसण्यावारी नेलं होतं. पण ती फोड सुरभीची होती. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात तिने अशीच एक डॅशबोर्डवर ठेवली होती. गाडीला आधी खाऊ घातलं की ती वाटेत दगा देत नाही, म्हणाली होती. असलं वेड फक्त आपल्या बायकोलाच सुचतं, असं त्याने तेव्हापासून ऑफिसात कितीजणांना सांगितलं असेल.

काचेजवळ जुन्या फोडी वाळून चामड्यासारख्या झाल्या होत्या. त्यातली सर्वांत जुनी कोणती, हे तो पुढे वाकून शोधू लागला.

"जवाईबापू, मांगं झटके लागून राह्यले का?" गोपालने आरशातून विचारलं.

अंकुश नाही म्हणाला. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, ही पद्धत मुळात कोणाची?

गोपाल आणि सुरभी एकदमच हसले. कॉलेजात असताना याच जीपमध्ये त्यावरून त्यांची भांडणं व्हायची. तो म्हणायचा हिची, ती म्हणायची याची.

"आता तं दोघायलेबी आठवत नाई," गोपाल म्हणाला.

निघताना त्याने थैलीभर संत्री त्यांच्या गाडीत ठेवली. हायवेला लागताच सुरभीने एक सोललं आणि पहिली फोड डॅशबोर्डवर ठेवली. अंकुशने ती उचलून तोंडात टाकली.

"अरे, ती गाडीची होती ना."

"गाडी मायी हाय."

सुरभीने त्याच्याकडे पाहिलं. मग दुसरी फोड काढली आणि त्याच जागी ठेवली. तोंडातली फोड गोड होती. अंकुशला ती आंबट निघायला हवी होती.

पुढे एका ढाब्यासमोर ट्रक अचानक आडवा आला. अंकुशने कचकन ब्रेक दाबला. थैलीतली संत्री सांडून पायाशी घरंगळली. सुरभीने दारावरचं हँडल गच्च धरलं.

गाडी थांबली तेव्हा अंकुशचा डावा हात डॅशबोर्डवर होता. तळव्याखाली ती फोड होती. जराही चेपली नव्हती.