हातगुण

सातवी काडीही काळी पडली तेव्हा मधुमतीबाई किचनच्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या आणि रडल्या. बॉक्सवुडच्या बोटभर लांबीच्या बारा काड्या त्यांनी जानेवारीत लावल्या होत्या. आता पाच उरल्या, आणि २००७चा मार्च उजाडलाही होता.

लंडनजवळचं, हाउन्सलोचं घर विकलं गेलं होतं. मार्चअखेर किल्ल्या द्यायच्या आणि लेस्टरला मुलाकडे, शार्दूलकडे, राहायला जायचं. नव्या मालकाला पुढच्या अंगणात दोन गाड्या उभ्या करायच्या होत्या, म्हणजे फाटकापासून दारापर्यंतचं कुंपण उपटलं जाणार. ते बॉक्सवुडच्या झुडपांचं कुंपण बाईंच्या यजमानांनी, पुरुषोत्तमरावांनी लावलेलं, शार्दूल जन्मला त्या वर्षी. एअरपोर्टवरची शिफ्ट संपवून आले, की चहाच्या आधी कात्री. बत्तीस वर्षं ते असं राखलं, की पोस्टमनसुद्धा थांबून बघायचा.

पुरुषोत्तमराव गेले आणि दोन वर्षांत कुंपणानेही मान टाकली. आधी पानांवर तपकिरी डाग, मग पानगळ, मग नुसत्या काटक्या. फाटकापाशी एक कोपरा तेवढा हिरवा होता. त्यातलं एक तरी रोप जगवून न्यायचं, एवढंच बाईंना हवं होतं. ह्यांच्या हातचं दुसरं काही जिवंत उरलं नव्हतं. मुलगा होता म्हणा, पण तो रविवारी फोनवर भेटायचा.

कष्टात बाईंनी कसूर केली नव्हती. वाळू आणि माती चाळून कुंड्या भरल्या, हीटिंग रात्रभर चालू ठेवलं. आंघोळ झाली, की देवपूजेआधी स्तोत्र म्हणत प्रत्येक काडीला तांब्याने पाणी, अगदी शेंड्यापासून. बाहेरच्या कुंपणालाही ह्यांच्या तेराव्यापासून एक दिवस चुकवला नव्हता. बर्फ पडला त्या दिवशी पाणी कोमट करून नेलं होतं.

पुरुषोत्तमराव होते तोवर त्यांना ही मुभा नव्हती. तांब्या घेऊन बाहेर आल्या, की ते हसून आडवे यायचे. “तू तुझ्या देवांचं बघ, ह्यांचं मी बघतो,” म्हणायचे. बाईंना राग यायचा. आपल्या कौतुकात बायकोचा वाटाही नको, असला कसला माणूस, असं त्यांना वाटायचं. आता ते आठवलं, की रागाच्या जागी हुंदका यायचा.

संक्रांतीला सूनबाई श्रद्धा तिळगूळ घेऊन आली होती. जाताना तिने हिरव्या कोपऱ्यातल्या तीन काड्या तोडून सँडविचच्या डब्यात घातल्या. त्या तिन्ही गेल्याच असं बाईंनी मनात धरलं. जिच्या घरी मनीप्लांट जगत नाही, तिच्याकडे हे काय जगणार? फोनवर पाण्याची चौकशी केली, तर श्रद्धाने खरं ते सांगून टाकलं: आठवण झाली, की खालच्या बशीत थोडं ओतते, सकाळी ऑफिसच्या गडबडीत वरून घालत कोण बसणार? बाईंनी दोनदा नीट समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

उरलेल्या पाच काड्या एकेक करून गेल्या. शेवटची त्यांनी हलक्या हाताने उपटून पाहिली. मुळाचा पत्ता नव्हता. शार्दूलने एका बागकामाच्या संस्थेकडे तपासायला आजारी पानं पाठवली होती, पण तिथूनही अजून उत्तर नव्हतं. निघायच्या दिवशी त्या बाहेर जाऊन वाळक्या कुंपणापाशी उभ्या राहिल्या.

“मला तुमचं एवढंही राखता आलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या.

लेस्टरला पोचल्यावर श्रद्धाने त्यांना कोटही काढू दिला नाही. हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. वॉशिंग मशीनच्या वर, खिडकीत, तीन कुंड्या होत्या. तिन्हींना पोपटी, नखाएवढी नवी पानं फुटली होती.

बाईंनी सुनेचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तिच्याविषयी मनात आणलेलं सगळं त्यांना एकदम आठवलं आणि लाज वाटली. “तुझ्या हाताला गुण आहे गं,” त्या म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

सकाळी आंघोळ करून त्या टेबलापाशी आल्या, तर शार्दूल एक पत्र वाचत होता. पानांचा रिपोर्ट आला होता.

“फंगस आहे, आई. पान वेट राहिलं, की तो वाढतो. पाणी फक्त मुळाशी द्या, लिहिलंय. डेली वरून पाणी घातलं, तर जुनी हेजसुद्धा दोन वर्षांत जाते.” तो हसला. “म्हणून बाबा पानांना होज लावू द्यायचे नाहीत. मी किती ओरडा खाल्लाय त्याच्यावरून. पण बाबांनंतर वरून पाणी घालणार कोण?”

बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

एवढ्यात श्रद्धा आतून आली. तिच्या हातात बाईंचा पितळी तांब्या होता, काठोकाठ भरलेला.

“घ्या, आई,” ती म्हणाली. “आजपासून तुम्हीच घाला. बाबांच्या झाडांना तुमच्या हातच्या पाण्याची सवय आहे.”