हौसाबाईंचा चहा

कुरुळीतल्या हौसाबाईंच्या गाईची कास सुजली होती, म्हणून काल मी तिला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. तेवढ्यात पिंपरीच्या दवाखान्यातून फोन आला, एका सोसायटीतला लॅब्राडोर ताटकळला होता, आणि तीन दिवस दूध वापरू नका हे सांगायचंच राहिलं. आज गेले, तर सूज ओसरली होती. हौसाबाईंनी खुशीत चहा पुढे केला. “हिच्याच दुधाचा हाय, डॉक्टरीणबाई.” कप ओठांपाशी नेऊन मी थबकले. त्यांचा चेहरा पडला. “आमच्या घरचा चालत न्हाई व्हय?” खरं सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते भलतंच. “चालतो की, मावशी!” मी कप रिकामा केला. “बघितलंस?” त्या दारातल्या नातीला म्हणाल्या. “डॉक्टरीणबाईंनी समदा संपवला. आता तू दूध संपव.” नातीने माझ्याकडे बघत पेला तोंडाला लावला, आणि मी बॅगेची चेन लावत राहिले.