चांगल्या डोळ्यावर पट्टी

"बाई, चांगला डोया काऊन झाकला? खराब झाका ना!"

जामच्या फाट्यावर गावाकडच्या एसटीची वाट बघणाऱ्या पौर्णिमाला हे सांगणारा हा कितवा माणूस, कोण जाणे. हातात संत्र्यांची टोपली, तोंडात फुकटचा सल्ला.

मांडीवर तिची तीन वर्षांची नंदिनी. उजवा डोळा जन्मापासूनच बारीक, त्यात मोतीबिंदू. ऑपरेशन झालं, पण डोळा इतका लहान, की आत भिंग बसवता आलं नाही, म्हणून जाड चष्मा. आणि धडधाकट डाव्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, बारक्या डोळ्याला बघायची सवय लागावी म्हणून. नाहीतर ऑपरेशन वाया जाईल, असं डॉक्टरांनी आज नागपूरला पुन्हा बजावलं होतं. हे गावभर सांगून सांगून पौर्णिमाला स्वतःच्याच आवाजाचा वीट आला होता.

"चांगला झाकला तरच बारका पाहाले शिकते, भाऊ."

"पण दिसते का तिले त्यानं?"

तेच तर तिलाही कळत नव्हतं. पट्टी लावली की नंदिनी नुसती गप्प बसायची. रोज. पौर्णिमाला त्याचीच धास्ती होती.

"लाल," नंदिनी म्हणाली.

लक्ष कुणाचं होतं? सासूबाई, कमलाबाई, यांना आयताच जोडीदार मिळाला होता. "तेच तं म्हणून राह्यली मी! चांगल्या लेकराले आंधळं करून ठेवलं इनं." म्हणता म्हणता त्यांनी पट्टीच्या कोपऱ्याला नख लावलं.

पौर्णिमानं त्यांचा हात धरला. "आत्याबाई, किती डाव सांगू तुमाले? हात नका लावू!"

"आई, लाल! एसटी!"

"चूप बस वं!" दोघी एकदम ओरडल्या.

अल्लीपूरची एसटी समोरून निघून गेली. कुणी हातच दाखवला नाही, तर ती कशाला थांबते!

"गेली ना गाडी!" कमलाबाईंनी कपाळावर हात मारला. "लेकरू सांगून राह्यलं होतं अन् आपण..."

त्या थांबल्या. दोघींनी पट्टीकडे पाहिलं. ती जागच्या जागी होती, डावा डोळा पूर्ण झाकलेला. फक्त कानाकडचा एक कोपरा किंचित सुटला होता.

कमलाबाईंनी तो कोपरा अंगठ्यानं दाबून घट्ट बसवला. मग नातीचं तोंड रस्त्याकडे वळवलं.

"दुसरी दिसली की सांगजो वं, माय."