दोन किलो कडता

मुनीम मेला.

विशाल कंपाउंडरनं दवाखान्याच्या रजिस्टरात वेळही टाकली : बारा वाजून दहा मिनिटं. डॉक्टर दामिनीनं त्या ओळीवर आपला चहाचा कप ठेवला. जणू तसं कुणी लिहिलंच नव्हतं.

मुनीम म्हणजे कापसाच्या जिनिंगमधला कुत्रा. तिथल्या तुळशीरामच्या वजनकाट्याखाली झोपायचा आणि त्याच्या डब्यातली अर्धी भाकर खायचा. सकाळी कापसाच्या गंजीत त्याला नाग डसला. विषावरचं इंजेक्शन देऊन झालं होतं, काळीजही चालू होतं. फक्त श्वास घ्यायचं तो विसरला होता.

कुत्र्याला श्वास देणारं मशीन सौंसरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कुठून असणार? दामिनीनं त्याच्या घशात नळी घातली, नळीला रबरी फुगा जोडला.

"काका, वजन किती याचं?"

तुळशीरामची तीस वर्षं कापूस तोलण्यात गेलेली. त्यानं मुनीमच्या पोटाखाली हात घालून जरासं उचललं. "अठरा किलो." आणि काट्यावर वजनातून घट कापायच्या सवयीनं पुढे म्हणाला, "दोन किलो कडता. सोळा धरा."

"कुत्र्यात कायचा कडता, काका?" विशाल म्हणाला.

"ओलावा, कचरा..." तुळशीराम ओशाळला. "निंगून गेलं तोंडातून."

दामिनी मात्र मुनीमच्या पोटाकडे बघत होती. "बरोबर आहे. दोन किलो तं तुमच्या भाकरीची चरबीच आहे. चरबीसाठी फुफ्फुस वाढत नाही. सोळाच धरायचे. किलोमागं दहा मिली, म्हणजे एकशेसाठ. टपरीवरचे दोन कट चहा, तेवढीच हवा."

"थोडी वरून देऊ?"

"वरून दिली तं फुफ्फुस फाटते."

तुळशीरामच्या कडत्यानं तीस वर्षांत पहिल्यांदाच कोणाचं तरी भलं होणार होतं.

त्याच्या हातावर हात ठेवून दामिनीनं दोन-चारदा फुगा दाबून दाखवला. छाती झोपेत उठते तेवढीच उठली पाहिजे, निवडून आलेल्या उमेदवारासारखी फुगता कामा नये. मग तिनं हात काढून घेतला.

एक वाजला. दोन वाजले. विशालनं हात पुढे केला. "द्या काका, मी दाबतो."

"तू तं बारा दहालेच मारून टाकलं होतं याले. तू राहू दे."

साडेचारला फुगा अडला. तुळशीरामनं दाबला, तर आतून कोणीतरी उलट ढकललं.

"मॅडम, हा माह्यासंग भांडून राहिला!"

दामिनी वाकली. मुनीमची छाती आपल्या मनानं वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली.

"भांडू द्या," ती म्हणाली. "सोडा आता, काका."

फुगा सुटला. हात सुटेनात. ते हवेतच दाबत राहिले, दर पाच सेकंदांनी, बरोबर दोन कट. मुनीमनं डोळे उघडले आणि त्या हातांकडे संशयानं पाहिलं.

दामिनी मशीनसाठी छिंदवाड्याच्या साहेबांना अर्ज लिहायला बसली. "तुमचं काही टाकायचं का अर्जात, काका?"

"लिहा," तुळशीराम म्हणाला. हात चालूच होते.

तिनं लिहिलं : 'तरी महोदय, मशीन मंजूर होईपर्यंत श्री. तुळशीराम यांचे दोन्ही हात शासकीय यंत्र म्हणून स्टॉक रजिस्टरात चढवण्यात यावेत, आणि सदर यंत्र कायम मुनीमजवळच ठेवण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'